कमी खर्चात लाँच पॅड : कुठे वाचवायचं, कुठे नाही

दिवाळीतलं रॉकेट उडवायला एक रिकामी बाटली पुरते, कारण त्याच्या मागे लांब काडी असते आणि तीच त्याला सरळ ठेवते. मॉडेल रॉकेटला काडी नसते, फिन्स असतात. फिन्सवरून हवा जोरात वाहू लागली की मगच त्या काम करतात. सुरुवातीला रॉकेटला वेगच नसतो, म्हणून पहिले एक-दोन मीटर त्याला हात धरून न्यावं लागतं. हा हात म्हणजे लाँच रॉड किंवा रेल.

आपल्याकडे सगळी हौस रॉकेटवर, रंगावर आणि स्टिकरवर होते. उरलेल्या पैशात पॅड! खरं तर उलट पाहिजे. रॉकेट झाडावर अडकेल किंवा फुटेल. पॅड मात्र पुढच्या बॅचलाही चालेल. 21 नोव्हेंबर 1963 ला थुंब्याहून नाइके-अपाचे हे पहिलं साउंडिंग रॉकेट उडालं, तेव्हाची आठवण डॉ. कलामांनी आत्मचरित्रात लिहिली आहे. रॉकेट उचलताना क्रेनची हायड्रॉलिक यंत्रणा गळाली, शेवटी सगळ्यांनी मिळून ते हातांनी लाँचरवर चढवलं. म्हणजे रॉकेट ठीक होतं, दगा दिला तो जमिनीवरच्या सामानाने.

मिड-पॉवर म्हणजे साधारण ई, एफ आणि जी वर्गाच्या मोटर्स. प्रत्येक अक्षराला एकूण आवेग दुप्पट होतो : ई 20 ते 40 न्यूटन-सेकंद, एफ 40 ते 80, जी 80 ते 160. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे 'आवेग' हा शब्द मला डिक्शनरीत बघावा लागला. गणित मात्र सेमच आहे.

1. रॉड की रेल?

समजा रॉकेट 500 ग्रॅमचं आहे आणि मोटरचा सरासरी थ्रस्ट वजनाच्या 5 पट, म्हणजे सुमारे 25 न्यूटन. गुरुत्वाकर्षण वजा केलं की त्वरण उरतं 4 जी, म्हणजे 39 मीटर प्रति सेकंद वर्ग. आता अकरावीतलं सूत्र लावा. 1 मीटर अंतरावर वेग येतो 8.8 मीटर प्रति सेकंद, 2 मीटरवर 12.5. आडवा वारा 5 मीटर प्रति सेकंद असेल तर पहिल्या रॉकेटला हवा जवळजवळ 30 अंशांनी तिरकी लागते, दुसऱ्याला 22 अंशांनी. रॉकेट वाऱ्याकडे वळतं ते यामुळेच. रॉड सोडताना 13 ते 15 मीटर प्रति सेकंद वेग असावा, असा अनुभवी लोकांचा हिशोब आहे. म्हणून थ्रस्ट 5 पटीपेक्षा जास्त असलेला बरा आणि लांबी शक्य तेवढी जास्त.

मग सळई कितीही लांब घ्यायची का? नाही. सळईचं वाकणं लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं आणि व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे कमी होतं. 3 मिमीऐवजी 6 मिमी घेतली की ती 16 पट ताठ होते. म्हणून मिड-पॉवरला 3 मिमीची सळई नकोच. हलक्या रॉकेटला 6 मिमीची, सुमारे सव्वा मीटरची स्टेनलेस स्टीलची सरळ सळई चालेल. जड रॉकेटला खाच असलेला अॅल्युमिनियमचा प्रोफाइल, म्हणजे रेल, जास्त चांगला. आणि लक्षात ठेवा, रॉकेटचं वरचं बटण रेलमधून सुटलं की रॉकेट डोलू शकतं. त्यामुळे 2 मीटरची रेल पूर्ण 2 मीटर कामाची नसते.

2. स्टँड

विदर्भात प्रत्येक घरी कूलरचा लोखंडी स्टँड असतो, तोच वापरू असं कुणीतरी म्हणणारच! पण चार पाय उंचसखल शेतात डुगडुगतात, तीन पाय कधीच डुगडुगत नाहीत. भंगारातला अँगल आणून वर्कशॉपमध्ये तिपाई वेल्ड करा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात रुतते, म्हणून प्रत्येक पायाखाली रुंद चपटी पट्टी हवी. सळईखाली जाड लोखंडी पत्रा तिरका लावा, म्हणजे ज्वाला जमिनीवर जाणार नाही. मात्र इग्नायटरच्या क्लिप त्या पत्र्याला टेकल्या तर शॉर्ट होतो आणि सगळे बटणाकडे बघत बसतात.

3. बॅटरी आणि वायर

वात पेटवून पळायचं नाही, हा पहिला नियम. इग्निशन विजेनेच. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या नियमांप्रमाणे डी वर्गाच्या वरच्या मोटरपासून 30 फूट, म्हणजे 9 मीटर लांब उभं राहायचं. म्हणजे वायर किमान 10 मीटर. जाऊन-येऊन 20 मीटर तांबं.

0.2 चौरस मिमीच्या बारीक वायरचा रोध होतो 1.7 ओहम, 0.75 चौरस मिमीचा 0.46. इग्नायटर 1 ओहमचा धरला आणि बॅटरी 12 व्होल्टची, तर करंट अनुक्रमे 4.4 आणि 8.2 अँपियर. इग्नायटरला मिळणारी पॉवर तिपटीहून जास्त! फरक फक्त वायरच्या जाडीचा.

बॅटरी यूपीएसमधली 12 व्होल्ट 7 अँपियर-अवरची घ्या. जुनी फुकट मिळाली तर मल्टीमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. बाइकचा हेडलाइट बल्ब जोडा. व्होल्टेज 11 च्या खाली गेलं तर ती सोडून द्या.

बटण असं हवं की बोट काढलं की बंद. त्याच्या सिरीजमध्ये काढता येणारी किल्ली, आणि ती किल्ली पॅडजवळ काम करणाऱ्याच्या खिशात. रॉकेट पेटलं नाही तर किल्ली काढा आणि 60 सेकंद थांबा. हा मिनिट कंटाळवाणा आहे, पण डोळे दोनच असतात. त्याच कारणासाठी लावलेली नसताना सळईच्या टोकाला टोपी घाला.

4. जागा आणि परवानगी

300 मीटर उंचीवरून पॅराशूट सेकंदाला 5 मीटरने उतरलं तर 60 सेकंद लागतात, आणि 5 मीटरच्या वाऱ्यात रॉकेट तेवढंच, म्हणजे 300 मीटर, लांब जातं. तिथे कुणाची तरी कडब्याची गंजी असते, नाहीतर वाळलेली पऱ्हाटी. आपली गंमत आणि त्याची वर्षभराची वैरण, असा सौदा होऊ नये. शेतमालकाला आधी विचारा, पॅडभोवतीचं वाळलं गवत काढा, पाण्याच्या बादल्या आणि ओली पोती जवळ ठेवा. सकाळी वारा कमी असताना उडवा. लोणारचं नाव काढू नका. ते अभयारण्य आहे आणि 2020 पासून रामसर स्थळही.

मोटर हॉस्टेलच्या रूममध्ये बनवायची नाही, म्हणजे नाही! हा 1884 च्या स्फोटक कायद्याचा आणि 2008 च्या नियमांचा विषय आहे. त्याचं काम बघणाऱ्या 'पेसो' संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे. सरांना सोबत घेऊन, कॉलेजमार्फत विचारा. ऑक्टोबर 2025 मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात इन-स्पेसची विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅट स्पर्धा झाली. तो सरळ रस्ता आहे.

5. बजेट

भाव बदलत राहतात, म्हणून रुपये नाही, वाटे सांगते. पॅडसाठीच्या पैशाचे 100 भाग करा : सळई आणि स्टँडला 40, बॅटरीला 30, वायर आणि क्लिपना 20, किल्ली आणि बटणाला 10. रंग, सुंदर डबा, लाल-हिरव्या लाइट्स हे सगळं पुढच्या सेमिस्टरला. अँगल, पत्रा, वेल्डिंग यात खुशाल वाचवा. सळईची जाडी, वायरची जाडी आणि किल्ली यात एक रुपयाही वाचवू नका.

थोडक्यात काय, तर मेसचं बिल भरून उरलेल्या पैशातही चांगला पॅड होऊ शकतो. चार रूम मिळून कॉन्ट्री काढा, वर्कशॉपच्या सरांची परवानगी घ्या आणि आधी तिपाई बनवा. रॉकेट नंतर!