लपवलेलं नाव आणि गेटवरचा नंबर

वायफायचं नाव लपवलं की घरचं इंटरनेट सुरक्षित झालं, असं ठामपणे सांगणारी माणसं मला सिमरोलमध्ये वारंवार भेटतात. केबलवाला सांगतो, मोबाईलचा दुकानदार सांगतो, शिकलेली मुलंही सांगतात. हा सल्ला चुकीचा आहे. त्यापायी एका घरात माणसामाणसांत वितुष्ट आलेलं मी जवळून पाहिलं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सिमरोल इंदूरच्या दक्षिणेला, खंडवा रोडवर. ओंकारेश्वरला जाणाऱ्या गाड्या इथूनच पुढे घाटात उतरतात. २००९ साली सुरू झालेल्या इंदूरच्या आयआयटीचं आवार पुढे इथे उभं राहिलं आणि गावाचा चेहरा पालटला. घरांवर मजले चढले, गेटवर ‘कमरा किराये से देना है’ अशा पाट्या लागल्या, आणि प्रत्येक जिन्यात एक राउटर लुकलुकायला लागला. राजेंद्रनगरसारख्या इंदूरच्या मराठी वस्तीतून इकडे राहायला आलेली थोडी घरं आहेत, त्यांतलं एक आमचं आणि एक शेजारच्या नानांचं. नाना खाली राहतात, वरच्या खोल्या विद्यार्थ्यांना देतात. भाड्यात वायफाय धरलेलं असतं.

नानांचं कनेक्शन महिन्याला ठरावीक डेटाचं होतं. तो संपला की स्पीड पार खाली यायचा. आधी तो महिनाअखेरीला संपायचा, मग अर्ध्या महिन्यातच संपायला लागला. नानांच्या घरातल्या काकूंचं पुण्याच्या नातवंडांशी व्हिडिओवर बोलणं अडकायला लागलं. नानांनी केबलवाल्याकडे तक्रार केली. त्याने राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्कचं नाव लपवलं आणि सांगितलं, “अब किसी को दिखेगा ही नहीं।” पुढच्या महिन्यातही तेच झालं. तेव्हा नानांनी सरळ हिशेब मांडला: बाहेरच्याला नाव दिसतच नाही, म्हणजे वापरणारा घरातलाच. वरच्या एका मुलाला रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपवर बसायची सवय होती. संशय त्याच्यावर गेला, आणि नानांनी त्याला महिनाअखेर खोली सोडायला सांगितली. मुलगा रडवेला होऊन आमच्याकडे आला. “काका, मी कॉलेजचं नेट वापरतो. यांच्या नेटवर मी फक्त रात्री घरी फोन करतो,” म्हणाला.

मी बरीच वर्षं कॉम्प्युटरचे क्लास घेतले आहेत, त्यामुळे अशा तक्रारी माझ्याकडे येतातच. मी नानांना म्हटलं, मुलाला काढण्याआधी एकदा राउटरच्या आत डोकावून बघू. त्यांनी होकार दिला, आणि त्याच मुलाचा लॅपटॉप आम्ही त्यांच्या बैठकीत टेबलावर ठेवला. हवेतून जाणारे वायफायचे संदेश नुसते ऐकून पडद्यावर दाखवणारा एक प्रोग्राम त्यात होता. (हे आपल्याच घराच्या नेटवर्कवर, मालकाच्या परवानगीने करायचं असतं. दुसऱ्याच्या नेटवर्कवर करू नये.) पडद्यावर आजूबाजूच्या नेटवर्कांची यादी आली. नानांच्या राउटरची ओळ त्यात होतीच, फक्त नावाच्या जागी रिकामं होतं. राउटरचा क्रमांक, चॅनेल, सिग्नलचा जोर, कुलुपाचा प्रकार, सगळं दिसत होतं. मग काकूंना त्यांच्या फोनचं वायफाय बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. फोन जोडला गेला त्याच क्षणी रिकाम्या जागी नाव उमटलं: नानांचं आडनाव, पुढे ‘होम’. नाना चष्मा पुसून पुन्हा पुन्हा वाचत होते.

यात जादू काहीच नाही. कोणताही राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथे आहे’ असा संदेश सोडत असतो. नाव लपवणं म्हणजे त्या संदेशातला नावाचा रकाना कोरा ठेवणं, एवढंच. संदेश जायचे थांबत नाहीत. आणि फोनला जोडून घ्यायचं तर त्याला राउटरशी नाव घेऊनच बोलावं लागतं. ते बोलणं कुलूपबंद नसतं. कुलूप लागतं ते नंतर, पासवर्डची ओळख पटल्यावर. म्हणजे घरातला कोणीही दिवसातून एकदा जरी फोन जोडला, तरी जवळपास ऐकत बसलेल्याला नाव कळतं. विंडोजच्या लॅपटॉपवर तर असं नेटवर्क यादीत ‘लपवलेलं नेटवर्क’ म्हणूनच दिसतं आणि उगाच लक्ष वेधून घेतं. दारावरची पाटी काढली म्हणजे दाराला कुलूप लागत नाही.

राउटरच्या आत जोडलेल्या उपकरणांची यादी असते. त्यात घरातल्या आणि वरच्या मुलांच्या फोनांखेरीज आणखी काही उपकरणं होती, जी नानांच्या घरात कोणाकडेच नव्हती. ती कोणाची, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण ती आत कशी आली असतील याचा अंदाज बांधायला वेळ लागला नाही. नाव लपवण्याआधी दोन वर्षं सगळ्या गल्लीला दिसत होतं, आणि लपवताना ते बदललेलं नव्हतं. पासवर्ड होता नानांचा मोबाईल नंबर. तोच नंबर गेटवरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेला होता.

मोबाईल नंबर पासवर्ड म्हणून ठेवणारी घरं आपल्याकडे असंख्य आहेत, म्हणून हा हिशेब नीट मांडतो. भारतातला मोबाईल नंबर दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो. पण फोन आणि राउटर एकमेकांची ओळख पटवताना जी देवाणघेवाण करतात, ती एकदा कोणी टिपून घेतली की तो घरी बसून पासवर्डचे अंदाज ताडून बघू शकतो. गेम खेळण्यासाठी मिळणारं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड डब्ल्यूपीए२ या कुलुपाच्या प्रकारासाठी सेकंदाला दहा लाखांच्या आसपास अंदाज तपासतं. ४०० कोटी नंबर संपवायला त्याला तासाभरापेक्षा थोडाच जास्त वेळ लागतो. पाटी वाचायचीही गरज नाही.

आता लपवण्याचा खरा तोटा, जो केबलवाले सांगत नाहीत. नाव उघड असलं की फोन नुसतं ऐकत राहतो. ओळखीचं नाव कानावर आलं की जोडला जातो. नाव लपवलं की राउटर ते सांगत नाही, मग फोनला स्वतःहून विचारत फिरावं लागतं: ‘अमुक नावाचं नेटवर्क इथे आहे का?’ हा प्रश्न तो घरीच विचारत नाही. काकू सरवटे बस स्टँडवर उभ्या असोत की ओंकारेश्वरच्या घाटावर, वायफाय चालू असेल तर फोन त्यांच्या आडनावाचं नेटवर्क शोधत राहतो, आणि ऐकणाऱ्याला ते नाव ऐकू येतं. ही माझी कल्पना नव्हे. अँड्रॉइडमध्ये ‘लपवलेलं नेटवर्क’ हा पर्याय निवडताना सुरक्षेच्या धोक्याची सूचना येते. ॲपलही नाव लपवू नका असंच सांगतं, आणि आयफोन अशा नेटवर्कवर खाजगीपणाचा इशारा दाखवतो.

नुसतं नाव कळून काय होतं, असं विचारणारे भेटतात. दोन गोष्टी होतात. एक, विगल नावाच्या प्रकल्पात २००१ पासून जगभरच्या वायफायची नावं नकाशावर नोंदली जात आहेत. आडनावासारखं वेगळं नाव असेल, तर त्यावरून घर शोधता येऊ शकतं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. कोणी त्याच नावाचं खोटं नेटवर्क उभं केलं, तर फोन आपलंच घर समजून त्याच्याशी ओळख पटवायला जातो. पासवर्ड माहीत नसल्याने जोडणी पुरी होत नाही, पण अंदाज ताडून बघायला लागणारी सामग्री चोरट्याच्या हाती पडते, आणि तीही घरापासून कोसभर लांब. पासवर्ड मोबाईल नंबर असेल तर पुढचं वर सांगितलंच आहे.

आपल्या नेटवर्कमध्ये परका शिरणं किती महागात पडू शकतं, हे महाराष्ट्राने २००८ मध्ये पाहिलं. २६ जुलैला अहमदाबादमध्ये साखळी स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तसंस्थांना आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग लागला तो नवी मुंबईतल्या सानपाड्यात राहणाऱ्या एका परदेशी गृहस्थाच्या कनेक्शनपर्यंत. त्याच्या वायफायचा दुसऱ्याच कोणी वापर केला होता. तरी पोलिसांच्या चौकशीला सामोरं जावं लागलं ते त्याला. कनेक्शन ज्याच्या नावावर, पहिला प्रश्न त्याला, हे खोल्या भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

नानांच्या घरी मग आम्ही काय केलं ते सांगतो. नाव पुन्हा उघड केलं, पण बदललं. आडनाव, घर क्रमांक, गल्ली यांतलं काही त्यात ठेवलं नाही. कंपनीने दिलेलं नावही ठेवू नये, आणि त्याला कारण आहे. पासवर्डपासून खरी किल्ली तयार होताना नेटवर्कचं नाव त्यात मिसळून ४०९६ वेळा घोळवलं जातं. हजारो घरांत सारखं असलेलं नाव असेल तर चोरट्याला आधीच तयार केलेल्या किल्ल्यांची यादी वापरता येते. नाव वेगळं असलं की ती यादी कुचकामी. म्हणजे नाव गुप्त असण्यात काही फायदा नाही, वेगळं असण्यात आहे.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत जोडून लिहिले, की तो लांब होतो आणि काकूंच्याही लक्षात राहतो. आरतीची किंवा प्रसिद्ध गाण्याची ओळ घेऊ नका, अशा ओळी चोरट्यांच्या अंदाजांच्या याद्यांमध्ये असतात. नमुना मी मुद्दाम देत नाही, छापलेला नमुना लोक तसाच वापरतात. कुलुपाचा प्रकार डब्ल्यूपीए३ निवडावा. तो २०१८ पासूनचा आहे, आणि टिपून घेऊन घरी अंदाज ताडण्याचा मार्गच तो बंद करतो. जुने फोन त्याला जोडले जात नसतील तर डब्ल्यूपीए२, एईएससह. डब्ल्यूईपी हे जुनं कुलूप दिसलं तर राउटरच बदला. ते २००१ सालीच मोडलं गेलं आहे. डब्ल्यूपीएस, म्हणजे पिन टाकून जोडण्याची सोय, बंद करा. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ मध्ये उघड झालं. राउटरच्या सेटिंगचा स्वतःचा पासवर्ड बहुतेक घरी ‘ॲडमिन’च असतो, तोही बदला. आणि भाडेकरूंना पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क द्या. राउटरमध्ये ती सोय बहुधा असते.

काही ठिकाणी नाव लपवलेलंच असतं आणि ते आपल्या हातात नसतं: एखादं ऑफिस, एखादं वसतिगृह, जुन्या सल्ल्यावर विसंबलेले नातेवाईक. तिथे फोन जोडताना नाव यादीत शोधत बसू नका. सेटिंगमध्ये वायफायच्या यादीखाली ‘नेटवर्क जोडा’ असतं, आयफोनवर ‘इतर’. तिथे नाव जसंच्या तसं टाका. लहान-मोठं अक्षर, मधली मोकळी जागा, यातला एक फरकही चालत नाही. पासवर्ड बरोबर असूनही जोडलं जात नाही अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेकदा नावात किंवा कुलुपाच्या प्रकारात गफलत असते. मालकाला विचारून नेमका तोच प्रकार निवडा. अँड्रॉइडवर प्रगत पर्यायांत ‘लपवलेलं नेटवर्क’ याला ‘होय’ करावं लागतं. नाव देवनागरीत ठेवायची हौस असेल तर लक्षात घ्या, नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. दहा चिन्हांतच जागा संपते, आणि काना-मात्राही त्यात मोजली जाते.

जोडलं गेलं की त्या नेटवर्कपुरतं ‘आपोआप जोडा’ बंद करा, फोनचा बदलता पत्ता, म्हणजे ‘प्रायव्हेट ॲड्रेस’, चालू ठेवा, आणि काम संपलं की नेटवर्क विसरायला लावा. क्यूआर कोड देऊन काम सोपं होतं हे खरं, पण त्या कोडमध्ये पासवर्ड उघडा लिहिलेला असतो. तो बैठकीच्या भिंतीवर चिकटवू नका, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका.

नानांचा डेटा आता महिनाअखेरपर्यंत पुरतो. मुलगा मात्र त्या घरात राहिला नाही. नानांनी त्याला थांबायला सांगितलं होतं, पण तोवर त्याने दुसरीकडे खोली घेतली होती. खोल्या भाड्याने देणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: एखाद्या पोरावर आळ घेण्याआधी राउटरमधली जोडलेल्या फोनांची यादी एकदा स्वतः उघडून बघा, आणि पासवर्ड म्हणून मोबाईल नंबर ठेवला असेल तर तो आजच बदला.