झिजण्याच्या भीतीने बसून राहणे

साठी उलटली की शरीर जपून वापरावे, नाहीतर ते लवकर झिजते, ही समजूत दवाखान्यात रोज भेटते. झीज होते हे खरे. पण उतारवयात दिसणाऱ्या दुबळेपणाचा मोठा वाटा वयाचा नसून बसून राहण्याचा असतो. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावले गेले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीन आठवड्यांच्या आरामाने त्यांचा दम जेवढा खालावला होता, तेवढा तीस वर्षांच्या वयानेही खालावला नव्हता. म्हाताऱ्यांचे नुकसान याहून लवकर होते. दहा दिवस अंथरुणात गेले, तर धडधाकट वृद्धाच्याही पायांतले जवळपास एक किलो मांस उतरते.

बसून राहायला निमित्त बहुधा गुडघ्यांचे असते. 'वंगण संपले' असे रुग्ण सांगतात आणि ते भरून देणारी तेले, चूर्णे, लेप विकणारेही भरपूर आहेत. कातडीवर चोळलेले तेल सांध्यातली झीज भरून काढत नाही. चोळून बरे वाटते, एवढेच. सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा दाबला जातो, सुटतो, तेव्हाच सभोवतीच्या द्रवातून तिला पोषण मिळते. मांडीचे स्नायू बळकट असले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. म्हणून झिजलेल्या गुडघ्याला व्यायाम वर्ज्य नाही, तो उपचाराचाच भाग आहे.

एका निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण बोलके आहे. गुडघा दुखतो म्हणून मुलांनी प्रेमाने त्यांचा बाजार, जिना, अंगणातली झाडे सगळे बंद केले. सहा महिन्यांनीही गुडघा तेवढाच दुखत होता, पण खुर्चीतून उठायला आता हाताचा आधार लागू लागला. औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी रोज चालू होती. रक्त तपासले तेव्हा मूत्रपिंडांचे काम मंदावल्याची खूण असलेले क्रिएटिनिन वाढलेले निघाले. घरच्यांचे मागणे मात्र वेगळेच होते: आई हल्ली विसरते, मेंदूसाठी एखादे टॉनिक द्या. गोळी बंद झाली आणि टॉनिकऐवजी खुर्चीवरून ऊठबस, मग चालणे सुरू झाले. विसरणे पूर्ण गेले नाही, पण तीन महिन्यांत बाजारहाट आणि हिशेब पुन्हा त्यांच्याकडे आले.

मेंदूच्या टॉनिकांनी स्मरणशक्ती वाढते याला भरवशाचा पुरावा नाही. चालण्याबाबत मात्र काही पुरावा आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० वृद्धांपैकी निम्म्यांनी आठवड्यातून तीन दिवस, ४० मिनिटे झपाझप चालण्याचा व्यायाम वर्षभर केला. आठवणींशी निगडित असलेला मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग त्यांच्यात सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या उरलेल्यांत तो आक्रसला. याचा अर्थ चालल्याने डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, बरा होतो असा नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणे मोजली, त्यांत व्यायामाचा अभाव आहे. आणि उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा या यादीतल्या इतर कारणांवरही व्यायामाचा परिणाम होतो.

जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायामाचे आहे. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. बागेत दोन फेऱ्या मारून तासभर बाकावर रंगलेल्या गप्पा मनाला चांगल्या, पण त्या या हिशेबात धरता येत नाहीत. नुसते चालणेही पुरेसे नाही. आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंच्या ताकदीचे आणि पासष्टीनंतर तीनदा तोल सांभाळण्याचे व्यायाम हवेत. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठण्याबसण्याला १५ सेकंदांहून जास्त लागत असतील, तर पायांची ताकद घटली आहे असे समजावे. आणि हीच ऊठबस तिचा व्यायामही आहे. ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे तोलासाठी उपयोगी. उशीर झाला असे कोणी म्हणू नये: १९९० साली बोस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांनी आठ आठवडे वजने उचलली, तर त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली. अर्थात ते देखरेखीखाली झाले. मोबाइलवरची चित्रफीत पाहून सत्तरीत जड वजनांना हात घालू नये.

हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी फिरायला जाऊ नये. स्नायू दोन दिवस आंबले तर घाबरण्याचे कारण नाही. गुडघा सुजून गरम लागला, तर व्यायाम थांबवून तो दाखवावा. चालताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाटल्यासारखे झाले, भोवळ आली, तर जागीच थांबावे आणि तडक रुग्णालय गाठावे. 'गॅस असेल' म्हणून ओवा चघळत बसू नये. चार-आठ दिवसांत एकाएकी वाढलेला विसराळूपणा, विशेषतः डोक्याला मार लागल्यानंतरचा, वयाच्या खात्यावर टाकू नये. कवटीच्या आत साचलेले रक्त, घटलेले सोडियम अशी उपचार होण्याजोगी कारणे त्यामागे असू शकतात. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडे बोलणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून अशा वेळी मालिश करणाऱ्याकडे न नेता सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.