तुंबलेलें पाणी व मोटारसायकलचें इंजिन

आमच्या बोनकोडे गांवाच्या एका अंगास पारसिकची डोंगररांग व दुसऱ्या अंगास ठाण्याची खाडी आहे. डोंगरावर पडलेलें पाणी नाल्यांवाटे खाडीकडे धांव घेतें. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाल्यावर या भागांतील सखल खाजणांत भराव घालून नवें शहर उभारण्यांत आलें. त्या वेळीं पावसाचें पाणी सांठविण्याकरितां धारण-तलाव बांधले गेले व खाडीच्या बाजूस झडपा बसविण्यांत आल्या. भरतीच्या वेळीं या झडपा खाडीचें पाणी आंत येऊं देत नाहींत. परंतु त्याच वेळीं शहरांतील पाणीही बाहेर जाऊं शकत नाहीं. म्हणून मुसळधार पाऊस व मोठी भरती यांची गांठ पडली, कीं सखल रस्त्यांवर पाणी तुंबतें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तो दिवस आपल्या वडीलमंडळींस अद्याप आठवत असेल.

आपल्यापैकीं पुष्कळांचे वडील मोटारसायकलवरूनच कामावर जातात. गाडी बंद पडली तर एका दिवसाची मजुरी बुडते. इंजिन मोडलें तर महिन्याच्या मिळकतीस खिंडार पडतें. तेव्हां पाण्यानें इंजिन कां मोडतें व तें कसें राखावें, याचा थोडा शास्त्रीय विचार करूं.

इंजिन हें श्वास घेणारें यंत्र आहे. त्यांतील दट्ट्या खालीं जातांना हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढतो. वर येतांना तें दाबतो. मग ठिणगी पडून स्फोट होतो व दट्ट्या खालीं ढकलला जातो. शेवटीं तो पुन्हां वर येऊन जळलेला वायु सायलेन्सरवाटे बाहेर घालवितो. आतां होळीची एक पिचकारी घ्या. तिच्यांत हवा ठेवून तोंड बोटानें बंद करा व दांडा दाबा. तो बराच आंत जाईल. मग तींत पाणी भरून तसेंच करा. दांडा हालणार नाहीं. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ मुळींच दाबलें जात नाहीं. आपल्या विषयाचें सारें मर्म यांत आहे.

किती पाणी घातक होतें, याचें गणित सोपें आहे. समजा, दट्ट्याच्या एका खेपेनें १०० घनसेंटिमीटर जागा व्यापली जाते व मिश्रण दहापट दाबलें जातें. तर दट्ट्या अगदीं वर असतां उरणारी जागा १०० भागिले ९, म्हणजे सुमारें ११ घनसेंटिमीटर भरते. एवढें पाणी म्हणजे चहाचे दोन लहान चमचे! याहून अधिक पाणी आंत असेल तर दट्ट्या वर येऊं शकत नाहीं. फिरत्या यंत्राचा जोर मात्र त्यास वर रेटीत असतो. या ओढाताणींत कनेक्टिंग रॉड वांकतो, आणि मग सारें इंजिन उघडावें लागतें.

पाणी शिरण्याचे मार्ग मुख्यतः दोन. एक हवेच्या गाळणीचा, जी बहुतेक मोटारसायकलींत बैठकीखालीं असते, दुसरा सायलेन्सरचा. इंजिन चालू असेपर्यंत बाहेर पडणारा वायु सायलेन्सरांतील पाणी थोपवून धरतो. तें बंद पडलें, कीं पाणी आंत चढूं लागतें.

यावरून कांहीं नियम निघतात. पाणी चाकाच्या आंसापर्यंत पोहोंचलें असेल, तर गाडी घालूं नये. स्कूटरचीं चाकें लहान असल्यामुळें तिची मर्यादा याहूनही कमी समजावी. वाहत्या पाण्यांत तर खोली पाहत बसूंच नये. वीतभर वेगवान पाणी मोठ्या माणसाचेही पाय उखडतें. शिवाय गढूळ पाण्याखालीं काय आहे, तें दिसत नाहीं. २९ ऑगस्ट २०१७ रोजीं मुंबईंत एका नामांकित डॉक्टरांस उघड्या मॅनहोलमध्यें पडून प्राणास मुकावें लागलें. ते तर पायींच चालले होते.

पाणी उथळ व रस्ता परिचयाचा असेल, तर पहिल्या गिअरमध्यें, रेस एकसारखी ठेवून, सावकाश जावें. मध्यें थांबूं नये व गिअर बदलूं नये. मोठ्या वाहनाच्या मागोमाग जाऊं नये, कारण त्याची लाट गाळणीपर्यंत पोहोंचते. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबीत थोडें अंतर जावें, म्हणजे ते कोरडे होतात.

आणि गाडी पाण्यांतच बंद पडली तर? येथेंच बहुतेकांचा धीर सुटतो. बटण दाबूं नये, किक मारूं नये, ढकलून चालूं करण्याचा यत्नही करूं नये. किल्ली बंद करून गाडी उंच जागीं न्यावी. गाळणी ओली असेल, तर गाडी कारागिराच्या स्वाधीन करावी. तो स्पार्क प्लग काढून मग इंजिन फिरवितो, म्हणजे आंतील पाणी त्या भोकावाटे निघून जातें. तेल दुधाळ चहासारखें दिसल्यास त्यांत पाणी मिसळलें आहे असें जाणून तें बदलावें. पाणी खाडीचें असेल, तर गाडी गोड्या पाण्यानें धुवावी. खाऱ्या पाण्यानें लोखंड लवकर गंजतें.

आमचे विद्यार्थी अठरा वर्षांचे झालेले नाहींत व त्यांनीं मोटारसायकल चालवूं नये, हें सांगणें नलगे. परंतु ते वडिलांच्या मागें बसतात, आणि पाण्याच्या कांठाशीं "बाबा, थोडें थांबूं या," असें म्हणण्यास वयाची अट नाहीं. पालकांनींही त्या शब्दास मान द्यावा. भरती सुमारें सहा तासांनीं ओसरते. पौर्णिमा-अमावास्येचें उधाण गांवांतील वृद्ध मासेमारांस तोंडपाठ असतें. त्यांस विचारावें, व निघण्याची वेळ ठरवावी. कामावर उशीर झाला तर बोलणीं खावीं लागतील; पण घरीं वाट पाहणाऱ्यांस माणूस व गाडी दोन्हीं सुखरूप मिळतील.