पाय वाचला, तो स्वच्छतेमुळे

मोडलेले हाड कातडी फाडून बाहेर आले की पूर्वी बहुधा पाय कापावा लागे. नाहीतर जखम सडून रोगी दगावे. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोला गाडीचे चाक पायावरून गेलेला ११ वर्षांचा मुलगा डॉ. जोसेफ लिस्टर यांच्याकडे आला. पाश्चर यांचे जंतूंवरील संशोधन त्यांनी वाचले होते. त्यांनी जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली. पू झाला नाही; सहा आठवड्यांत हाड जुळले.

आज जखमेवर कार्बोलिक लावत नाहीत. धडा मात्र तोच. तरीही माझ्याकडे हळद, माती भरलेल्या जखमा येतात. असे करू नका. हाड आत ढकलू नका. जखम स्वच्छ कापडाने झाका, पायाला फळीचा आधार द्या, ताबडतोब रुग्णालय गाठा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारा.