मुठीचा डबा

सासवड
अक्षय्य तृतीया

प्रिय पोरी,

आज सकाळी ताईच्या नावाने पाण्याची घागर दिली. पानात आमरस वाढला आणि हात तिथेच थांबला. तिला रसात तूप आणि मिरपूड लागायची, वाढताना ते सांगायला कुणी नव्हतं. ती गेल्यापासूनचा हा पहिला आंबा.

तुझं पत्र आलं त्याला आठ दिवस झाले. फोनवर बोलण्यासारखं ते नव्हतं म्हणून तू लिहिलंस, आणि मलाही उत्तर लिहूनच द्यावंसं वाटलं. तू लिहिलंस, ‘मावशी, कसब्यातली खोली रिकामी केली. आईचे देव हडपसरला माझ्या घरी आणलेत. पूजा केली तर मला ढोंग केल्यासारखं वाटतं आणि नाही केली तर आईला टाकून दिल्यासारखं. टाक आपल्याकडे हवेत असा चुलतभावाचा निरोप आलाय. मी काय करू?’ आणि खाली घाईघाईत आणखी एक ओळ होती. ओट्याखाली तांदळाचा अर्धा भरलेला डबा सापडला, त्यात कोलम, इंद्रायणी, आंबेमोहोर, रेशनचा असा सगळा तांदूळ एकत्र होता. शेवटी शेवटी आईला काही कळेनासं झालं होतं का?

त्या शेवटच्या ओळीने मला रात्रभर जागवलं. त्या डब्याचं सांगतेच, पण आधी तू विचारलंयस त्याचं बोलू.

टाक देऊन टाक. मनात राग न ठेवता दे. खंडोबाचा आणि भवानीचा टाक म्हणजे तुझ्या वडिलांच्या घराचं कुळ. चुलतभावाकडे चंपाषष्ठीला तळी भरतात, वांग्याचं भरीत आणि रोडग्यांचा नैवेद्य होतो, वर्षाआड जेजुरीला जाणं होतं. त्या देवांना त्यांचं माणसांनी भरलेलं घर मिळू दे. मुलगी म्हणून तुझा हक्क नाही, असं मी मुळीच म्हणत नाहीये. तुला हवे असते तर मी तुझ्या बाजूने त्या घरात जाऊन बसले असते. पण तुला ते नकोत, फक्त कुणी मागितले म्हणून तू दुखावलीस. चांदीच्या दोन पत्र्यांवरून भावाबहिणींनी बोलणं सोडल्याची दोन घरं मी या गावात पाहिली आहेत. तू स्वतः जाऊन टाक त्याच्या हातात दे आणि म्हण, ‘तळी उचलताना मला हाक मारायची.’ म्हणजे देवही राहतील आणि भाऊही राहील.

अन्नपूर्णा मात्र कुणालाही देऊ नकोस. ती तुझ्या वडिलांच्या घरची नव्हे, आमच्या आईची आहे. ताईने लग्नात गौरीहर पुजला तेव्हा ती तिच्या ओटीत आली. मूर्तीच्या हातातली पळी झिजून काडीसारखी झाली आहे, बघ नीट. पितळ काळं पडलं तर चिंचेने घास आणि कोरडी करून मूठभर तांदळावर बसव. एवढं पुरे.

आता तुझ्या मनातल्या मोठ्या प्रश्नाकडे येते. विश्वास नसताना दिवा लावला तर ते ढोंग का? लोकांना दाखवायला लावलास तर ढोंग. आईची आठवण येते म्हणून, घरात संध्याकाळ झाल्याची खूण म्हणून लावलास, तर त्यात खोटं काय आहे? ताईचा सगळा देवधर्म मी जवळून पाहिला आहे. ‘विश्वास’ हा शब्द मी तिच्या तोंडून क्वचितच ऐकला. ‘नेम’ हा शब्द रोज ऐकला. ताप असला तरी दिवेलागणीला ती उठायची, हरिपाठ म्हणायची. तुझे वडील गेले त्या वर्षी ती मला म्हणाली होती, ‘देव ऐकतोय की नाही ते मला आता ठाऊक नाही. पण दिवा लावायची वेळ झाली की हात जातोच, आणि हात गेला की मन मागून येतं.’ तिच्याही मनात प्रश्न येत होते, पोरी. तुझ्याशी ती ते बोलली नाही, कारण तेव्हा तू बारा वर्षांची होतीस आणि तिला तुझ्यासमोर उभं राहायचं होतं.

तुझा राग कुठून येतो तेही मला माहीत आहे. तुझ्या आजीने तुला चार दिवस वेगळ्या चटईवर बसवलं होतं, पाण्याच्या माठाला हात लावलास म्हणून माठ ओतून दिला होता. तू लिहिलं नाहीस, पण ते तुझ्या प्रत्येक ओळीमागे आहे. म्हणून आज तुला एक गोष्ट सांगते. ती मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही.

१९८४ सालची गोष्ट. माझं लग्न होऊन पाच वर्षं झाली होती. माऊलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला येते आणि दोन रात्री मुक्काम करते, तेव्हा आमच्या वाड्यात एक दिंडी उतरायची. बहुतेक वर्षी त्या दिवशी एकादशी असते, त्यामुळे पहिल्या रात्री भगर आणि दाण्याची आमटी, दुसऱ्या दिवशी सकाळीच बारस सोडायला पिठलं-भाकरी. ताईला नोकरीमुळे पंढरपूरपर्यंत जाता यायचं नाही. ती दर वर्षी पुण्याहून सासवडपर्यंत चालायची आणि दोन दिवस माझ्याकडे राहून परत जायची.

त्या वर्षी दिंडीतल्या एका बाईला पाळी आली. परभणीकडची होती, चाळिशीची. मी तिला माजघरात येऊ दिलं नाही. गोठ्याशेजारच्या पडवीत पोतं टाकून दिलं. पाऊस होता, वाऱ्याने झड आत येत होती. मला वाटत होतं, मी घराचं सोवळं राखते आहे. मागून ताई आली. तिच्या तळपायांना फोड आले होते. तिने त्या बाईला पाहिलं, मला पाहिलं आणि हळूच म्हणाली, ‘ही आळंदीहून चालत आली. पालखीमागे चालताना हिला कुणी अडवलं नाही. तुझ्या उंबऱ्याने अडवलं.’ मग बंबातलं गरम पाणी तिने स्वतः काढून नेलं, त्या बाईचे पाय धुतले आणि तिला माझ्या माजघरात, स्वतःच्या अंथरुणावर निजवलं.

मी रात्रभर ताईशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे दिंडी निघाली तेव्हा ती बाई माझ्यापाशी आली आणि वाकून माझ्या पायांना हात लावून म्हणाली, ‘येते माऊली.’ वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, तीच ती रीत. पण मला त्या क्षणी धरणीने पोटात घ्यावं असं झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणालाही बाहेर बसवलेलं नाही. माझ्या सुनेला नाही, नातीला नाही.

हे सांगते, कारण तुझा राग खरा आहे, तो सोडू नकोस. पण तो देवघरावर काढू नकोस. चोखोबांना जिवंतपणी विठ्ठलाच्या देवळात जाऊ दिलं नाही. मंगळवेढ्याला भिंतीखाली सापडून ते गेले, आणि आज त्यांची समाधी महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ आहे. शेकडो वर्षांनी, १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, त्यानंतर ते दार दलितांना उघडलं. दार बंद करणारी माणसं होती आणि उघडायला लावणारीही माणसंच होती. तुझी आई कोणत्या बाजूची होती, ते तुला आता कळलं.

माळेबद्दल तू विचारलंस. ताईची माळ तिच्याबरोबर गेली, तसंच असायला हवं. तिच्या आठवणीसाठी तू नवी माळ घालू नकोस. तुळशीची माळ हा शब्द असतो. एकादशी, वारी, खाण्यापिण्याचं बंधन, हे सगळं त्या शब्दात येतं. दिलेला शब्द मोडण्यापेक्षा न देणं बरं. पुढे कधी मनापासून वाटलं तर बघू, घाई कसली?

नेम मात्र एक धर. एकच, आणि लहान. चार नेम धरलेस तर महिन्याभरात चारही सुटतील आणि मग स्वतःवर चिडशील. मी तुला ओळखते. संध्याकाळी अन्नपूर्णेपाशी समई लाव आणि लेकाला शेजारी बसव. त्याचा आणि तुझा फोन दुसऱ्या खोलीत. तो शाळेत काय झालं ते सांगेल, नाहीतर गप्प बसेल. त्याला काही शिकवू नकोस. आमची आई आम्हाला काही शिकवत नव्हती, फक्त वात सारायला सांगायची. जावईबापूंना यायचं असेल तर येऊ देत, नसेल तर आग्रह नको. घरातल्या एकाच्या नेमाचा दुसऱ्याला जाच होऊ लागला की त्या नेमाची चव जाते.

आता तो डबा.

पोरी, आईला सगळं कळत होतं. तो मुठीचा डबा आहे. ताई रोज कुकर लावायच्या आधी घरात जो असेल त्या तांदळाची एक मूठ त्यात टाकायची. कधी महागाचा, कधी रेशनचा, म्हणून तो सगळा एकत्र. तिच्या मुठीत पाच तोळे तरी तांदूळ मावायचा. वर्षाला अठरा-वीस किलो होतो. ज्येष्ठात पालखी निघायच्या आधी ती डबा रिकामा करून दिंडीच्या शिध्यात पाठवायची आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिली मूठ. २०२० साली पायी वारी झाली नाही, माऊलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्या वर्षी तिने तो तांदूळ शिजवून गल्लीत अडकून पडलेल्या बांधकामाच्या मजुरांना वाढला. मला फोनवर म्हणाली, ‘वारी यंदा दाराशी आली.’ गेल्या ज्येष्ठापासून माघापर्यंतच्या मुठी त्यात आहेत. म्हणून तो अर्धा आहे.

तो टाकू नकोस. परातीत ओतून चाळून घे, सोंडे झाले असतील तर काढ, दोन उन्हं दाखव आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेव. उद्यापासून तुझी मूठ टाक. लेकाचीही टाक, त्याची लहान असेल. यासाठी देव आहे की नाही हे आधी ठरवायला लागत नाही. कुणीतरी लांबून चालत येणार आहे आणि त्याला भूक लागलेली असणार आहे, एवढं तर तुला पटतं ना?

पालखी अजून दीड-पावणेदोन महिन्यांवर आहे. पुण्याहून निघाली की ती तुमच्या हडपसरवरून घाटाकडे येते. दर वर्षी रस्ता बंद होतो म्हणून त्या दिवशी तू वैतागतेस. यंदा सुट्टी काढ. एकादशी असली तर केळी आणि राजगिऱ्याचे लाडू घेऊन लेकासह रस्त्याच्या कडेला उभी राहा. तांदूळ गाडीत टाकून संध्याकाळी घाट चढून माझ्याकडे ये. दुसऱ्या दिवशी बारस सोडायला मोठं पातेलं चढेल, त्यात तो शिजवू. वाढायला तू उभी राहा. ताई माजघराच्या दाराशी उभी राहायची, तिथेच.

जावईबापूंना आशीर्वाद, बाळाला गोड पापा. येताना पातळ चादरी आण, इथे पहाटे गार वारा असतो.

तुझी,
मावशी