अडतीस म्हणजे कोणते अडतीस?

वडिलोपार्जित शस्त्र बाळगणे हा पुष्कळ घराण्यांत मानाचा विषय मानला जातो. परंतु त्या मानाबरोबर कायद्याचे आणि धातूचे जे दायित्व वारसाच्या माथी येते, त्याची कल्पना शस्त्र प्रत्यक्ष हाती पडेपर्यंत सहसा कोणास नसते. भिवंडीस आमच्या चुलत्यांच्या पश्चात वेब्ली बनावटीचे जे जुने सहाबारी पिस्तूल राहिले, ते शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे अनाठायी विलंब न लावता जमा करून, माझ्या नावाचा परवाना रीतसर मंजूर झाल्यावरच मी ते सोडवून आणले. आणि खरा प्रश्न उपस्थित झाला तो त्यानंतर, काडतुसांचा.

या पिस्तुलाची काडतुसे बाजारात दुर्मिळ, म्हणून रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून घ्याव्यात असा सल्ला अनेकांनी दिला. येथे प्रथमच बजावून ठेवतो, की याच अधिनियमाच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनविण्याची यंत्रसामग्रीही दारूगोळ्यातच मोडते. म्हणजे पुंगळीच्या आधी डायचाच, अर्थात पुंगळीला पुन्हा आकार देणाऱ्या साच्याचाच, परवाना विचारावा लागतो, आणि हे काम परवानाधारक कारागिरावाचून करू नये.

अशाच एका कारागिराने पिस्तुलाच्या बोअरचा ‘अडतीस’ हा आकडा ऐकताच अडतीस स्पेशलचे डाय काढले. वस्तुतः आमच्या पिस्तुलाचे काडतूस अडतीस स्मिथ अँड वेसनच्या, म्हणजे १८७७ पासूनच्या कुळातले. त्याची पुंगळी सुमारे १९.७ मिलिमीटर लांब व जाडीने अंमळ अधिक, तर स्पेशलची सुमारे २९.३ मिलिमीटर लांब, परंतु बारीक. चुकीच्या डायमधून काढलेली पुंगळी गरजेपेक्षा आवळली जाते, बार उडताच पिस्तुलाच्या चक्रातील घरात फुगते, आणि दोनचार वेळा असे झाले की तडकते; शिवाय स्पेशलची गोळी सुमारे ९.१ मिलिमीटरची, तर येथे सुमारे ९.१७ मिलिमीटरची हवी, म्हणून ती नळीत सैल जाते आणि नेम राहत नाही. कोणी कोणी तर अशा पिस्तुलांची घरेच पोखरून त्यांत स्पेशल बसते असे करून ठेवले आहे. म्हणून आकड्यावर विसंबण्यापेक्षा घरांचे माप घेऊन मगच पुंगळी ठरवावी आणि पुंगळीवरून डाय.

पुंगळीच्या बुडावरचा शिक्काही वाचावा. ‘केएफ’ म्हणजे खडकीचा कारखाना. परंतु जुन्या लष्करी पुंगळ्यांत टोपी बहुधा बर्डन पद्धतीची, तळाशी दोन छिद्रे असलेली असते, आणि नेहमीच्या डायची मधली सुई तीत मोडते.

पितळाचे तर वेगळेच प्रकरण. ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त यांचे हे पितळ ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात तबेल्याजवळ साठविले असता आपोआप चिरत असे. घोड्यांच्या मूत्रातील अमोनिया आणि ओढकामात धातूत राहून गेलेला ताण यांचा तो संयुक्त परिणाम असल्याचे १९२१ साली मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी दाखविले. भिवंडीच्या पावसाळ्यात गोठ्याशेजारी, किंवा कमावलेल्या चामड्याच्या पट्ट्यात महिनोन्महिने राहिलेल्या पुंगळ्या म्हणूनच भिंगाखाली पाहाव्यात; हिरवट डाग वा केसासारखी रेघ दिसली, तर लोभ न धरता त्या परत कराव्यात.

शेवटी, डाय बिनचूक आणि पितळ निर्दोष असले तरी जुन्या पोलादाची शिणवट त्याने भरून निघत नाही. म्हणून चौकट, बिजागरी आणि घरांची मजबुती यांची तपासणी पैसे मोडून आधी करून घ्यावी, आणि ती समाधानकारक न निघाल्यास पुंगळ्यांचा विषय तेथेच संपवावा.