शरदृतु आणि घरांतील अनाहूत पाहुणे

आश्विन महिना लागला कीं आकाश निवळतें, ओढ्यांचें गढूळ पाणी स्वच्छ होतें, आणि कवींना शरदाच्या चांदण्याचें वर्णन करण्याचा उत्साह चढतो. हा आनंद यथार्थच आहे. परंतु याच सुमारास आपल्या घराच्या भिंतींतून, माळ्यावरून व कोठाराच्या कोपऱ्यांतून जी हालचाल सुरू होते तिच्याकडे कवींचें लक्ष जात नाहीं, आणि गृहस्थाचेंही फार उशिरां जातें. रात्रीं माळ्यावर धावपळ ऐकूं आली म्हणजे तो "घरांत उंदीर झाले" असें म्हणतो. वस्तुतः बहुतेक उंदीर तेव्हां होत नसतात. ते येत असतात. ते कोठून येतात, याच दिवसांत कां येतात, आणि ते येण्यापूर्वीं आपण काय करावें, याचा विद्यार्थिमित्रांनीं थोडा विचार करावा म्हणून हा लेख लिहिला आहे.

श्रावण-भाद्रपदांत शेतांत पीक उभें असतें. दाणे भरूं लागलेले असतात, तण दाट माजलेलें असतें, आणि घारीघुबडांच्या दृष्टीआड राहून पोट भरण्यास उंदरांना यापेक्षां सुखाची जागा दुसरी नाहीं. मादी सुमारें तीन आठवड्यांत विते व एका वेळीं सहा-सात पिलें देते. तेव्हां कापणी येईपर्यंत बांधांतील बिळें भरून गेलेलीं असतात. मग बाजरी खुडली जाते, हळवें भात कापलें जातें, आणि चार दिवसांत त्यांचें अन्न व आडोसा हीं दोन्ही एकदम नाहींशीं होतात. धान्य शेतांतून खळ्यांत व खळ्यांतून घरांत जातें. उंदीरही त्याच वाटेनें जातात, यांत आश्चर्य तें काय?

अर्थात् सर्वच उंदीर शेतांतून येतात असें नव्हे. ज्याची शेपटी शरीराहून लांब असते व जो दोरीवरूनही सहज चढतो तो काळा उंदीर बारमाही घरांतच राहणारा. त्याचा मुक्काम आढ्यांत व माळ्यावर. मोरीच्या कडेला माती उकरून ढीग लावते ती घूस. शेतांतील जाड तोंडाचा, आखूड शेपटीचा उंदीर निराळा. तो कणसें ओढून नेऊन बिळांत सांठवितो, आणि दुष्काळांत गरीब लोक तीं बिळें खणून धान्य काढीत. लांब नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री तर उंदरांच्या जातीचीच नव्हे. ती मुख्यतः किडे खाते. तिला उंदराचें पिलू समजून लोक उगाच ठेंचतात. (तथापि तीही स्वयंपाकघरांत नसावी, कारण पिसवा तिच्याही अंगावर असतात.)

हा विषय कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु १८९६ सालचा सप्टेंबर महिना मुंबईच्या इतिहासांतून पुसला जाणार नाहीं. त्या महिन्यांत मांडवी भागांत डॉक्टर अकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय वैद्यांनीं ग्रंथिज्वराचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला. मांडवी हा धान्याच्या वखारींचा भाग. पुढें तो रोग पुण्यास पोंचला, आणि १८९७ च्या मार्च महिन्यांत, रोग्यांची शुश्रूषा करतां करतां, सावित्रीबाई फुले त्याला बळी पडल्या. उंदीर मरूं लागले म्हणजे माणसेंही मरतात हें लोकांनीं पाहिलें होतें. पण रोग एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो हें १८९८ सालीं कराची येथें पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्यानें दाखविलें. उंदीर मेला म्हणजे त्याच्या अंगावरील पिसवा तें थंड पडलेलें शरीर सोडतात व ऊन रक्त शोधूं लागतात. दुसरा उंदीर जवळ नसेल तर माणूस त्यांस पुरतो. म्हणजे नुसता उंदीर मारला कीं घर निर्भय झालें, असें नव्हे.

ही केवळ जुनी गोष्टही नाहीं. १९९४ सालीं बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं पुन्हां ग्रंथिज्वराचे रोगी आढळले. आदल्या वर्षीं ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता; लोकांनीं सोडलेल्या घरांत धान्य राहून गेलें व त्यावर उंदीर माजले, असें त्याचें कारण अभ्यासकांनीं दाखविलें. प्लेगवर आज गुणकारी औषधें आहेत. परंतु उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून होणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग मुळींच दुर्मिळ नाहीं. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईनें त्याचा कटु अनुभव घेतला.

विषाविषयीं आमच्या घरचीच हकीकत सांगतों. एका दिवाळीपूर्वीं आम्ही भिंती रंगविल्या, माळा झाडला, आणि उंदरांसाठीं विषाच्या वड्या टाकून निश्चिंत झालों. ऐन दिवाळींत आढ्यांत कोठें तरी उंदीर मेला. वास सुटला, पण कलेवर सांपडेना. पाहुणे नाकाला रुमाल लावून फराळ करीत होते. पंधरा दिवसांनीं माळ्यावर पूर्ववत् धावपळ सुरू झाली, कारण कपाटामागचें भोंक आम्ही रंगविलें होतें, बुजविलें नव्हतें.

म्हणून पहिलें काम वाटा बंद करण्याचें, आणि तें भाद्रपद सरण्यापूर्वीं, कापणीच्या अगोदर झालें पाहिजे. ज्या भोंकांत पेन्सिल शिरते त्यांतून घरांतील लहान उंदीर जाऊं शकतो. ज्यांत अंगठा शिरतो त्यांतून मोठ्या उंदराचें पिलू जातें. तेथें चिखल किंवा चिंध्या कोंबून उपयोग नाहीं. उंदराचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात व कुरतडून ते झिजविणें त्यास भागच असतें. कांचेचे तुकडे मिसळून सिमेंटच भरावें. मोरीच्या तोंडाशीं बारीक जाळी व दाराखालच्या फटीवर पत्र्याची पट्टी असावी. छपरावर टेकलेली आंब्याची फांदी छाटावी. धान्याचीं पोतीं फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीं, म्हणजे त्यांच्या मागें काय चाललें आहे तें दिसतें. सर्पणाचा ढीग घराला चिकटून नसावा. उंदरांच्या मागावर साप येतो, आणि अंधारांत लांकूड ओढणाऱ्या हाताला तो दिसत नाहीं. सांपळा यानंतरचा. तो भिंतीलगतच लावावा, कारण उंदीर मिशांनीं भिंत चांचपीत कडेकडेनें जातो. मेलेल्या उंदराला उघडा हात लावूं नये; आणि विष घातलेलें नसतां उंदीर मरून पडूं लागले तर तें वर्तमान त्याच दिवशीं आरोग्यखात्यास कळवावें.

धान्यांतील किडे मात्र बहुधा धान्याबरोबरच घरांत येतात. सोंड्याची मादी दाण्याला भोंक पाडून आंत अंडें घालते व वरून तोंड बुजविते. अळी दाण्याच्या पोटांतच वाढते. यामुळें पाखडून स्वच्छ दिसणारें धान्य निर्दोष असेलच असें नाहीं. त्याला ऑक्टोबरचें कडक ऊन दाखवावें व पुरें निवल्यावरच भरावें. कडधान्यावरील भुंगा दाण्याच्या सालीवर अंडीं घालतो. आपल्या आज्या कडधान्यास एरंडेल चोळीत, त्यानें तीं अंडीं गुदमरतात.

पाऊस थांबला म्हणजे डांस संपले, हीही एक भूल आहे. डेंग्यूचा डांस दिवसा चावतो व घरांतील स्वच्छ पाण्यांत वाढतो. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डांस होतो, म्हणून आठवड्यांतून एकदां रांजण व पिंपें कोरडीं करण्याची रीत आहे. पण त्याचीं अंडीं भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यांतही महिनेच्या महिने जिवंत राहतात. तेव्हां भांडें नुसतें उपडें करून भागत नाहीं, घांसलेंच पाहिजे.

उंदरांचा बंदोबस्त पुरा झाला कीं नाहीं हें पाहण्याची एक सोपी रीत आहे, व ती मुलांस फार आवडते. रात्रीं निजण्यापूर्वीं भिंतीच्या कडेनें रांगोळीची पातळ भुकटी पसरावी. सकाळीं तिच्यावर चिमुकलीं पावलें व मधून शेपटीची रेघ उमटलेली दिसली, तर त्या रेघेचा माग काढीत जावें. ती जेथें भिंतीशीं संपते तेथें, खुर्चीच्या किंवा कपाटाच्या मागें, आपल्या नजरेंतून सुटलेलें एक भोंक सांपडेल.